जागा बदलली तरी चवीची कळी जगते का?

नागपुरात महाल भागात राहणारे माझे एक आतेभाऊ गेल्या वर्षी जिभेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतून उठले. पन्नीत घोटलेल्या खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, पंचवीस वर्षांची सवय अखेर अंगावर आली होती. जिभेची उजवी बाजू काढावी लागली आणि त्या जागी डाव्या मनगटाच्या वरची कातडी, तिच्या रक्तवाहिन्यांसकट, आणून बसवण्यात आली. पुढे किरणोपचार झाले. ते संपल्यावर महिन्याभराने मी भेटायला गेलो, तेव्हा वहिनींनी त्यांच्यासाठी मऊ भातावर वरण घातले होते आणि फोडणीत जेमतेम एक मिरची होती. पहिला घास गिळून ते म्हणाले, "तिखट झोंबून राहिलं, पण मीठ काही समजूनच नाही राहिलं." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "ही हाताची कातडी आता तोंडातच राहणार. राहता राहता तिले चव शिकता येईल का?"

प्रश्न भाबडा वाटतो, पण तो तसा नाही. चव घेणारे अवयव जागेमुळे घडतात, नसेमुळे घडतात, की ज्या ऊतीतून ते उगवतात तिच्यातच त्यांचे बीज असते, हा वाद जीवशास्त्रात शंभराहून अधिक वर्षे चालला. त्यातला महत्त्वाचा पुरावा माणसाकडून आला नाही आणि उंदराकडूनही आला नाही. तो आला सॅलॅमँडर या बेडकाच्या शेपटीवाल्या भाऊबंदाकडून, ज्याच्या तोंडाचे अस्तर उचलून भलत्याच ठिकाणी लावून पाहण्यात आले. पाणी आणि जमीन या दोन्ही ठिकाणी वावरणाऱ्या या प्राण्यांच्या वर्गाला उभयचर म्हणतात, हे शाळेत आपण सर्वांनीच पाठ केलेले आहे.

चवीची कळी म्हणजे नेमके काय

आरशासमोर जीभ बाहेर काढली की तिच्यावर बारीक उंचवटे दिसतात आणि पुष्कळांना तेच चवीचे अवयव वाटतात. वास्तविक त्यांतले बहुतेक उंचवटे घास घोळवण्यापुरते खरखरीत असतात. उरलेल्यांच्या माथ्यावर किंवा कडेच्या खाचेत, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी चवीची कळी दडलेली असते. तिला स्वादकलिका म्हणतात. तिचा आकार लसणाच्या गड्ड्यासारखा असतो: पन्नास ते शंभर लांबट पेशी पाकळ्यांसारख्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात आणि वरच्या टोकाला एक सूक्ष्म छिद्र असते. लाळेत विरघळलेले मीठ किंवा साखर त्या छिद्रातून पेशींच्या टोकांपर्यंत पोहोचते, पेशी उद्दीपित होतात आणि बुडाशी येऊन भिडलेल्या चेतेला ती वार्ता देतात. चेता म्हणजे मेंदूकडे निरोप नेणारी तार. बोलीत आपण तिला नस म्हणतो आणि या लेखात पुढे तोच शब्द वापरला आहे, रक्ताच्या नसेशी त्याचा संबंध नाही.

जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव एक नस नेते, मागच्या भागाची दुसरी आणि घशाकडची तिसरी. मिरचीचा झणका मात्र या तिन्ही वाटांनी जात नाही. तो चेहऱ्याच्या वेदना आणि उष्णता कळवणाऱ्या नसेवरून जातो, म्हणूनच मिरची चिरलेल्या हाताने डोळा चोळला तर डोळ्यालाही ती 'लागते'. आतेभावांना तिखट कळत होते आणि मीठ कळत नव्हते, याचे अर्धे उत्तर इथेच आहे. सावजी रश्श्याचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या गावाला हे ऐकून वाईट वाटेल, पण शास्त्राच्या हिशेबी तिखट ही चवच नव्हे.

उभयचरांकडे असेच अवयव असतात, फक्त घडण थोडी वेगळी असते. प्रौढ बेडकाच्या जिभेवर कळीऐवजी चपटी, तुलनेने मोठी चकती असते. माझ्या पिढीच्या विद्यार्थ्यांनी मेणाच्या तबकात टाचण्यांनी बेडूक पसरवून त्याची जीभ चिमट्याने बाहेर ओढलेली आहे: ती पुढच्या बाजूने जबड्याला जोडलेली आणि मागचे टोक दुभंगलेले, एवढे वहीत लिहून आम्ही पुढे हृदयाकडे वळायचो. त्याच जिभेवरच्या चकत्यांना साध्या पाण्याचीही चव कळते, हे स्वीडनच्या इंग्वे झॉटरमन यांनी १९४९ मध्येच दाखवून दिले होते, पण आम्हाला ते कोणी सांगितले नाही. कळी असो की चकती, पुढे दोघींना मिळून मी 'स्वादांग' म्हणेन.

नस तोडली की कळी जाते

१८७० च्या दशकात मॅक्स फॉन विंटशगाउ आणि हेनिगश्मीड या दोघांनी सशाच्या जिभेच्या मागच्या भागाकडे जाणारी नस कापली आणि काही काळाने तिथल्या स्वादकलिका नाहीशा झाल्याचे पाहिले. ही गोष्ट त्या काळाच्या मानाने चमत्कारिक होती. घराची तार कापली तर दिवा विझतो, पण दिवाच विरघळून जात नाही; इथे तर दिवाच जागेवर नव्हता. पुढे १९२० च्या सुमारास ऑल्मस्टेड यांनी मांगूरसारख्या मिशाळ माशांवर तेच केले. या माशांच्या मिशांवरही स्वादांगे असतात. मिशीची नस कापली की ती जातात आणि नस पुन्हा वाढून आली की तीही परत येतात. १९५८ मध्ये लॉइड गुथ यांनी मांजराच्या जिभेला मूळच्या नसेऐवजी दुसऱ्या नसा जोडून पाहिल्या. स्वतः चवीचे तंतू असलेली, घशाकडची नस जोडली तर कळ्या परतल्या. जीभ हलवणारी, म्हणजे केवळ स्नायूंना आज्ञा देणारी नस जोडली तर परतल्या नाहीत.

या सगळ्यावरून एक सरळ निष्कर्ष निघत होता: नसच कळी घडवते. तिच्या टोकातून काहीतरी झिरपते आणि ज्या कातडीला ते लागते तिथे कळी उमलते. भ्रूणाच्या वाढीचा क्रमही याला दुजोरा देत होता, कारण तोंडाच्या अस्तरापर्यंत नसा आधी पोहोचतात आणि कळ्या मागाहून दिसू लागतात. हा निष्कर्ष खरा असता, तर आतेभावांच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे द्यावे लागले असते: मनगटाच्या कातडीला चवीची नस जोडून द्या, कळ्या आपोआप येतील.

पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढ्यावरून कावळ्याच्या वजनाने फांदी तुटली असे ठरत नाही. नस आधी आली आणि कळी नंतर आली यातून क्रम कळतो, कारण कळत नाही. कारण कळायचे तर नस येऊच द्यायची नाही आणि मग काय होते ते पाहायचे, हा एकच मार्ग उरतो. सशाच्या किंवा मांजराच्या गर्भात हे करणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते.

सॅलॅमँडरच का

उभयचरांची अंडी आईच्या पोटाबाहेर, पाण्यात वाढतात. मृगाचा पाऊस पडला की नागपूरभोवतीच्या डबक्यांत पिवळेजर्द झालेले सोनबेडूक ओरडू लागतात आणि काही दिवसांतच तिथे पारदर्शक जेलीत गुंफलेली काळी अंडी तरंगताना दिसतात. ज्याने ती ओंजळीत घेतली आहे त्याला पुढचे सारे समजायला सोपे जाईल. जेली सोलली की आतला भ्रूण हाती येतो. सॅलॅमँडरचा भ्रूण दोन मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, घासून टोकदार केलेल्या सुईने आणि केसाच्या फासाने त्याच्यावर शस्त्रक्रिया करता येण्याइतका मोठा. जखम विलक्षण वेगाने भरते. याहून मोठी सोय म्हणजे त्याच्या प्रत्येक पेशीत अंड्यातल्या बलकाची शिदोरी असते, त्यामुळे कापून काढलेला तुकडा साध्या क्षारद्रावणात, बाहेरून काहीही न खाता, कित्येक दिवस वाढत राहतो.

खरे सॅलॅमँडर आपल्याकडे विदर्भात नाहीत. भारतात ते पूर्व हिमालयात, दार्जिलिंग-सिक्कीमच्या बाजूला आढळतात. प्रयोगशाळांचा लाडका आहे तो मेक्सिकोचा ॲक्सोलॉटल, जो आयुष्यभर बालरूपातच, कल्ले घेऊन पाण्यात राहतो. १८६४ मध्ये काही ॲक्सोलॉटल पॅरिसला आणले गेले आणि ऑगस्त ड्यूमेरिल यांनी तिथे त्यांची पैदास केली; जगभरच्या प्रयोगशाळांत आज जे ॲक्सोलॉटल आहेत त्यांतल्या अनेकांचे कूळ तिथवर जाते. मूळच्या, मेक्सिको शहरालगतच्या सोचिमिल्को तलावक्षेत्रात मात्र ते आता नामशेष होण्याच्या बेतात आहेत.

संत्र्याचा डोळा आणि जंबेरीचा खुंट

इथे मला संत्र्याच्या कलमाची उपमा द्यावीशी वाटते, आणि ती केवळ नागपूरचा म्हणून नव्हे. विदर्भातल्या शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरी या लिंबाच्या जातीच्या, पेन्सिलीएवढ्या जाड खुंटावर साल चिरून त्यात संत्र्याचा एक डोळा बसवतात आणि पट्टीने घट्ट बांधतात. मुळे जंबेरीची, पाणी जंबेरीने ओढलेले, माती तिच्या पसंतीची. पण त्या डोळ्यातून फुटणारी फांदी संत्र्याचीच असते आणि तिला जंबेरी कधी लागत नाही. फळ कोणते, हे डोळा ठरवतो. ते फळ किती धरेल आणि झाड किती वर्षे जगेल, यात खुंटाचा मोठा वाटा असतो. म्हणजे 'काय होणार' आणि 'किती टिकणार' या दोन प्रश्नांची उत्तरे दोन वेगळ्या ठिकाणी आहेत. स्वादांगांच्या बाबतीत शास्त्रज्ञांना अगदी हीच फोड करायची होती.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे लिऑन स्टोन यांनी १९३० च्या दशकात अँबिस्टोमा कुळातल्या सॅलॅमँडरांवर हे काम सुरू केले. ॲक्सोलॉटल याच कुळातला. १९३३ मध्ये त्यांनी जिवंत प्राण्यांतल्या निरीक्षणांवरून मांडले की स्वादांगे आपल्या नसांवर अवलंबून नसतात, आणि १९४० मध्ये त्यांच्या उगमाविषयी सविस्तर लिहिले. प्रचलित मताच्या हे थेट विरुद्ध होते. माशाच्या मिशीवरून आणि सशाच्या जिभेवरून निघालेला निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत इतका घट्ट रुतला होता की स्टोन यांचे म्हणणे बराच काळ अपवादासारखे बाजूला पडून राहिले.

ते पुन्हा उचलले कॅलिफोर्नियात लिंडा बार्लो आणि ग्लेन नॉर्थकट यांनी. १९९५ मध्ये त्यांनी ॲक्सोलॉटलच्या भ्रूणातील वेगवेगळ्या पेशीसमूहांवर ओळखता येईल अशी खूण करून पाहिले की कळीच्या पेशी कोणत्या थरातून येतात. भ्रूणात सुरुवातीला तीन थर असतात; बाहेरच्यातून कातडी आणि मेंदू होतो, आतल्यातून अन्ननलिकेचे अस्तर होते. डोळा, कान, नाक यांच्या संवेदी पेशी बाहेरच्या थराच्या, म्हणून जिभेच्याही तशाच असणार असे धरून चालले जात होते. निघाल्या त्या आतल्या थराच्या. चवीचा अवयव कुळाने आतड्याचा नातेवाईक आहे, हे मला या साऱ्या कथेतले सर्वांत सुंदर वाक्य वाटते.

१९९६ मध्ये निर्णायक प्रयोग झाला. नसा पोहोचण्याच्या कितीतरी आधी, पुढे तोंड-घशाचे अस्तर होणार असलेला आतल्या थराचा तुकडा भ्रूणातून काढला. काही तुकडे काचेच्या बशीत एकटे वाढवले, काही दुसऱ्या भ्रूणाच्या धडावर, चवीचा काही संबंध नसलेल्या जागी, कलमासारखे लावले. दोन्हीकडे कळ्या उमलल्या, आणि त्याही साधारण त्याच सुमारास, ज्या सुमारास त्या तोंडात उमलल्या असत्या. १९९७ मध्ये त्यांनी आणखी दाखवले की डोक्यातल्या शेजारच्या इतर ऊतींचा निरोपही त्या तुकड्याला लागत नाही. भ्रूणाचे तीन थर आपापल्या जागी बसेपर्यंत आतल्या थराच्या त्या भागात ही क्षमता आलेली असते. तेव्हा तोंड अजून फुटलेलेही नसते. डोळा संत्र्याचा ठरलेला असतो, खुंट कोणताही असो.

एखादी नस लपून शिरली नसेल कशावरून?

ही शंका रास्त आहे आणि जुन्या प्रयोगांवर ती घेतलीही गेली होती. कलम यजमानाच्या, म्हणजे ते ज्याच्यावर लावतात त्या प्राण्याच्या, अंगावर लावले की आसपासच्या कातडीतल्या नसा त्यात शिरू शकतात. त्यांतली एखादी कळीपर्यंत पोहोचली आणि आपल्याला दिसली नाही, तर सारा युक्तिवाद कोसळतो. म्हणूनच बशीतल्या तुकड्याला महत्त्व आहे. बशीत यजमानच नाही, तर नस कोठून येणार? याशिवाय १९९० च्या दशकापर्यंत नसेच्या तंतूंना तेवढे चिकटून त्यांना रंगवणारी प्रतिद्रव्ये हाताशी आली होती, त्यामुळे छेद घेऊन, रंगवून, एकेका कळीच्या बुडाशी तंतू आहे की नाही हे तपासता येऊ लागले. स्टोन यांच्याकडे ही सोय नव्हती. त्यांच्याजवळ होती ती नजर आणि चिकाटी.

घडणे वेगळे, टिकणे वेगळे

मग सशाच्या कळ्या का गेल्या? इथे वाचक गोंधळतो आणि खरे तर अनेक वर्षे शास्त्रज्ञही गोंधळले होते, कारण भ्रूणात कळी घडणे आणि प्रौढात ती टिकणे हे दोन प्रश्न एकाच शब्दात कोंबले जात होते.

कळी हा दगडी अवयव नाही. उंदराच्या जातीच्या प्राण्यांत स्वादपेशीचे सरासरी आयुष्य सुमारे दहा दिवसांचे असते, असे बाइडलर आणि स्मॉलमन यांनी १९६५ मध्ये मोजले. आपल्याही जिभेवर जुन्या पेशी सतत झडत असतात आणि बुडाशी असलेल्या मूळपेशींतून नव्या चढत असतात. म्हणजे आपली कळी हे मातीचे अंगण आहे. दर आठ-दहा दिवसांनी शेणसडा आणि सारवण झाले तरच ते अंगण राहते. सस्तन प्राण्यांत सारवणाची आठवण देणारे घरचे माणूस म्हणजे नस. ती गेली की कोणी अंगण खणून टाकत नाही, फक्त सारवण थांबते आणि दोन-तीन आठवड्यांत तिथे अंगण होते हेही ओळखू येत नाही.

उभयचरांचे रक्त थंड, पेशींची उलाढाल संथ. त्यांचे अंगण फरशीचे म्हणता येईल. बेडकाच्या जिभेची नस कापल्यावरही चकत्या दीर्घकाळ टिकून राहतात, हे त्यामुळेच तितकेसे आश्चर्याचे नाही. मार्गारेट राइट यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत न्यूट या छोट्या सॅलॅमँडरच्या जिभेचा तुकडा चक्क यकृतात बसवला, जिथे चवीची नस जाण्याचे कारणच नाही, आणि तिथेही स्वादांगे टिकलेली आढळली. रक्त मिळत होते, ओल होती, तेवढे त्यांना पुरले.

यावरून उभयचरांना नसेची गरजच नसते असे मात्र कोणी समजू नये. याच न्यूटचा पाय कापला तर नवा उगवतो, पण त्या थोटक्या पायाच्या नसा काढून टाकल्या तर उगवत नाही. मार्कस सिंगर यांनी हे वर्षानुवर्षे अभ्यासले. एकाच प्राण्यात पायाला नस लागते आणि चवीच्या कळीला घडताना लागत नाही. प्रत्येक अवयवाचा करार वेगळा असतो, म्हणून एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधण्यात धोका आहे.

जगलेली कळी चव घेते का?

नाही. यकृतातल्या कळीला पित्ताची चव लागत असेल, अशी कल्पना करायला गंमत वाटते, पण चव ही मेंदूत घडणारी गोष्ट आहे आणि मेंदूपर्यंत तार गेलेली नाही. त्या कळीच्या पेशी उद्दीपित होतही असतील. निरोप ऐकायला कोणी नाही. सदर बाजारातल्या दुकानात बसवलेली, न जोडलेली घंटा कितीही चांगली असली तरी घरातल्या माणसाला उठवत नाही. त्यामुळे वर्तमानपत्री मथळ्यांत जेव्हा 'प्रयोगशाळेत चवीच्या कळ्या वाढवल्या' असे येते तेव्हा वाचकाने तीन प्रश्न सुटे करून विचारावेत: ती घडली का, ती टिकली का आणि ती जोडली गेली का. उभयचरांच्या कलमांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट दिले, दुसऱ्याचे अर्धे. तिसऱ्याचा त्या प्रयोगांत विचारच नव्हता.

उलट दिशेनेही एक गोष्ट घडते. वाढणाऱ्या कळ्या आणि त्यांच्या आसपासचे अस्तर काही प्रथिने सोडतात, ज्यांच्या मागावर नसेचे तंतू नेमक्या जागी येऊन पोहोचतात. म्हणजे पूर्वी वाटे की नस कळीला बोलावते; आज दिसते ते असे की बऱ्याच अंशी कळीच नसेला बोलावते.

परके कलम शरीर नाकारत कसे नाही?

मूत्रपिंड बसवलेल्या माणसाला आयुष्यभर गोळ्या खाव्या लागतात हे आपल्याला ठाऊक असते, तेव्हा ही शंका येणारच. भ्रूणाच्या वयात शरीराची ओळखपरेड अजून सुरूच झालेली नसते. त्या वेळी आत आलेले परके कलम पुढे आपलेच मानले जाते. शिवाय सॅलॅमँडरांची प्रतिकारव्यवस्था प्रौढपणीही आपल्यापेक्षा संथ असते, परकी कातडी नाकारायला त्यांना पुष्कळ दिवस लागतात. बेडूक त्या मानाने चपळ. आणि तुकडा त्याच प्राण्याचा असेल तर प्रश्नच मिटतो. आतेभावांच्या मनगटाची कातडी त्यांच्याच तोंडात गेली, म्हणून त्यांना त्यासाठी एकही गोळी लागली नाही.

मग माणसाला याचा काय उपयोग?

पहिला उपयोग म्हणजे खोटी आशा न लावता उत्तर देता येणे. मनगटाची किंवा मांडीची कातडी बाहेरच्या थराची, तिचे बीज वेगळे. ती तोंडात वर्षानुवर्षे राहिली तरी कातडीच राहते. इतकी, की किरणोपचार न लागलेल्या काही रुग्णांच्या तोंडात तशा कातडीवर केस उगवत राहतात आणि ते कापावे लागतात. काही शस्त्रक्रियांत मनगटाची नस जिभेच्या नसेला जोडून देतात, त्याने घास कुठे आहे हे कळण्याइतका स्पर्श परत येऊ शकतो. कळ्या येत नाहीत. गुथ यांच्या मांजराच्या जिभेत कळीचे बीज होते, म्हणून योग्य नस मिळताच कळ्या परतल्या. मनगटात ते बीजच नाही.

सबंध जीभच दुसऱ्याची बसवली तर? २००३ मध्ये व्हिएन्नात मृत दात्याची जीभ एका कर्करोगग्रस्त माणसाला बसवण्यात आली. डॉक्टरांना आशा होती ती गिळणे आणि बोलणे परतण्याची. चव परतण्याची फारशी अपेक्षा नव्हती. आता वरचे तीन प्रश्न इथे लावून पाहावेत. कळ्या घडलेल्या होत्याच. टिकायला नस हवी, आणि कापलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढते. ती येईपर्यंत सारवण थांबलेले. आपण सॅलॅमँडर नाही, हा त्यातला मुख्य अडसर.

दुसरा उपयोग अलीकडचा आहे. कळी घडवण्याची क्षमता अस्तरातच असते हे मान्य झाल्यावर संशोधक नसेऐवजी अस्तरातले निरोप शोधू लागले. सॉनिक हेजहॉग नावाचे एक प्रथिन (व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून हे नाव ठेवणाऱ्यांची थट्टा मी करणार नाही) त्यांतले एक निघाले. बार्लो यांच्याच गटाने २०१४ मध्ये दाखवले की प्रौढ उंदराच्या जिभेवर हा निरोप सतत चालू ठेवला तर एरवी कळी नसते अशा जागीही कळ्या येतात, आणि त्याही नसेविना. याची दुसरी बाजू दवाखान्यात दिसते: त्वचेच्या एका कर्करोगावर याच निरोपाला अडवणारी औषधे देतात आणि ती घेणाऱ्या अनेकांची चव जाते. २०२१ मध्ये आणखी एक धागा हाती लागला. सारवणाची आठवण नस नेमकी कशाने देते, तर आर-स्पॉन्डिन नावाच्या प्रथिनाने, असे उंदरांत दिसले. नस कापलेल्या उंदरांना ते प्रथिन बाहेरून पुरवल्यावर कळ्या पुन्हा तयार झाल्या. अर्थात त्या कळ्याही न जोडलेली घंटाच होत्या. माणसासाठी यातून औषध तयार झालेले नाही, आणि कोणी तसे सांगून चूर्ण विकत असेल तर ते घेऊ नये.

हे सगळे मी आतेभावांना सांगितले तेव्हा त्यांनी निम्मे ऐकले आणि मुद्द्याचे विचारले, "मंग डाव्या बाजूचं काय?" डावी बाजू त्यांची स्वतःची आहे. तिची नस शाबूत आहे, बीज शाबूत आहे. किरणांनी मारले ते सारवण करणाऱ्या पेशींना, कारण भरभर विभागणाऱ्या पेशींवरच किरणांचा पहिला घाव बसतो. ज्या मूळपेशी वाचल्या त्या पुन्हा कामाला लागायला काही महिने जातात आणि बहुतेकांची चव पूर्ण नाही तरी पुष्कळशी परत येते. दिवाळीनंतर त्यांनी स्वतःच एक प्रयोग केला. चिमटीभर मीठ जिभेच्या डाव्या कडेला ठेवले तर लगेच कळते. उजवीकडच्या कातडीवर ठेवले तर ते विरघळून, लाळेबरोबर ओघळत मधली शिवण ओलांडेपर्यंत काही कळत नाही.